डाग न चोळता आणावा

इसोगाईंच्या लाँड्रीत गल्ल्याच्या वर एक पाटी होती. तामाएच्या सासऱ्यांनी स्वतः कुंचल्याने लिहिलेली. 'डाग न चोळता आणावा.' खाली बारीक अक्षरांत, 'कशाचा, कधीचा आणि तुम्ही त्यावर काय केलेत, एवढे कृपया सांगावे.'

लग्न होऊन आल्यापासून तामाए गिऱ्हाइकांना हे तीन प्रश्न विचारत आली होती आणि लोक तिच्याशी तितक्याच सातत्याने खोटं बोलत आले होते. त्या समुद्रकाठच्या गावात सगळे डाग सोया सॉसचे असत. कॉलरीवरचा लिपस्टिकचा डाग सोया सॉसचा, मंदिरातल्या भटजींच्या झग्यावरचा बिअरचा डागही सोया सॉसचाच. आणि प्रत्येकाने तो घरी चोळून आणलेला असे. मळका कपडा दुसऱ्याच्या हातात द्यायचा म्हणजे बरं दिसत नाही, म्हणून आधी थोडा धुवायचा आणि मग धुवायला टाकायचा. चोळल्याने डाग आत मुरे, धागा फुले, आणि मागच्या खोलीत डाग काढायला बसलेल्या कुनिहिरोला, म्हणजे तामाएच्या नवऱ्याला, कळेनासं होई, की यातला डाग किती आणि चोळणं किती. मग तो बाहेर येऊन काही न बोलता पाटीकडे बघे. गिऱ्हाईकही पाटीकडे बघे, मान लववून माफी मागे आणि पुढच्या वेळी पुन्हा चोळून आणे.

तर याच तामाएला पाळी जाऊन पाच वर्षं उलटल्यावर उन्हाळ्याच्या अखेरीस पुन्हा डाग दिसला.

पहिल्यांदा तिने तो ओल्या चादरींचं गाठोडं उचलल्याच्या माथी मारला. दुसऱ्यांदा उकाड्याच्या. तिसऱ्यांदा उकाडाही उरला नव्हता. या वयात असं होणं बरं नव्हे, वेळ न घालवता दाखवावं, हे तिने नगरपालिकेच्या पत्रकात वाचलं होतं; नीट घडी करून ते देवघराच्या खणात ठेवलंही होतं. घरोघरी वळचणीला सोललेली पर्सिमनची फळं वाळू लागली, तोवर तिच्याकडच्या सबबी संपल्या आणि भीती तेवढी उरली. रात्री कुनिहिरो घोरू लागला की ती छताकडे बघत एकच हिशेब करी. आई कशाने गेली? पोटाच्या दुखण्याने. कुठल्या, ते कोणी विचारलं नव्हतं आणि आईने सांगितलं नव्हतं.

अशात नगरपालिकेचं वार्षिक तपासणीचं कार्ड आलं आणि तामाएला हायसं वाटलं. आता काहीही झालेलं नसताना जाता येणार होतं. काही झालंय म्हणून बायकांच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे बोभाटा; कार्ड आलंय म्हणून जाणं म्हणजे नागरिकाचं कर्तव्य.

अडचण एवढीच होती, की गावात बायकांचा दवाखाना एकच, डॉक्टर निशिवाकींचा, आणि त्यांचे पांढरे कोट दर आठवड्याला तामाएच्याच हातून परीटघडी होऊन जात. मुलगा झाला तेव्हा ती बाळंतपणाला माहेरी गेली होती. त्यानंतर या वाटेला ती फिरकली नव्हती. पण त्या दवाखान्याचे पडदेही वसंतात आणि शरदात तिच्याकडेच येत. फिक्या गुलाबी रंगाचा, दिसतो त्यापेक्षा जड असा तो पडदा तपासणीच्या खुर्चीवर बाईच्या बेंबीपाशी सोडलेला असतो, म्हणजे पलीकडे डॉक्टरांना बाईचं तोंड दिसत नाही आणि अलीकडे बाईला डॉक्टरांचं. तो इस्त्री करताना तामाएच्या मनात कधी आलं नव्हतं, की याची उलटी बाजू आपल्याला बघायची आहे.

तिने शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या थोरल्या बहिणीला, सुमिएताईला सांगितलं. अर्थात कार्डाचं तेवढं सांगितलं. ताईला या विषयात रस होता. तिने चहा ठेवला आणि सल्ल्यांची रास ओतली. पँट घालायची नाही, घेरदार लांब स्कर्ट घालायचा, म्हणजे वर सारला की झालं. तोंडाला मास्क, म्हणजे बाहेर बसलेल्या बायका ओळखणार नाहीत, निदान ओळखलं नाही असं दाखवायला त्यांना सोपं जाईल. आणि मुख्य म्हणजे मोजे.

"मोजे कशाला?" तामाएने विचारलं.

"अगं तामा, पडद्यापलीकडे तुझं तोंड जातं का? मोजेच जातात. डॉक्टरच्या लेखी बाई म्हणजे मोजे."

"मग काढूनच ठेवते."

"अनवाणी? नवऱ्याचं दुकान चालत नाही वाटेल त्यांना."

मग दोघी बाजारात जाऊन मोजे बघत उभ्या राहिल्या. पांढरे फार निरागस दिसत होते, काळे सुतकी. मांजरांची चित्रं असलेले ताईने हातात घेतले आणि तामाएने ते काढून परत ठेवले. शेवटी गडद निळे घेतले. ताईचं म्हणणं पडलं, की या रंगात बाई शिकलेली वाटते.

आदल्या दिवशी तामाएने सगळं घर झाडलं. फ्रिज पुसला. परत यायला उशीर झालाच तर, असं म्हणून तिने पातेलंभर करी रांधली. तीन दिवस पुरेल एवढी. कुनिहिरोने पातेल्याकडे पाहिलं आणि कोण येणार आहे असं विचारलं. कोणी नाही, ती म्हणाली, बटाट्यांना कोंब फुटायला लागले होते.

कुनिहिरो फारसं बोलत नसे. पण त्याचं नाक आयुष्यभर डागांवर पोसलेलं होतं. जेवताना तो एकदम म्हणाला, "दुकानातलं रक्ताच्या डागाचं औषध भराभर संपतंय. घरी नेतेस काय?"

"शेजारच्या मांजराचा पाय कापला होता," तामाए म्हणाली. "आपल्या टॉवेलावर येऊन बसलं."

"तीन महिने?"

"हट्टी आहे ते."

"हं," तो म्हणाला आणि करी आणखी वाढून घेतली.

सकाळी तिने अंघोळीला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लावला. डॉक्टरांसारख्या माणसासमोर जायचं तर नुसतं वरवरचं न्हाणं पुरेसं नव्हतं. तिने साबण घेतला, हाताच्या फवाऱ्याचं पाणी घेतलं, आणि जिथवर पाणी पोचेल तिथवर धुतलं. मग पाणी बदलून पुन्हा धुतलं. त्या दिवशी पहाटेही थोडा डाग दिसला होता. त्याचा मागमूस राहू नये म्हणून तिने निघण्यापूर्वी शौचालयातल्या गरम फवाऱ्याचं बटणही दोनदा दाबलं. आरशासमोर स्कर्टच्या चुण्या नीट करताना तिला बरं वाटलं. आता कोणालाही दाखवण्यासारखं होतं, कारण दाखवण्यासारखं काहीही राहिलं नव्हतं.

दवाखान्यात तीन बायका मास्क लावून बसल्या होत्या. तिघींचेही कोट तिच्या दुकानात येत. चौघींनी एकमेकींना न ओळखल्याचा नमस्कार केला.

आत टेबलापाशी डॉक्टर निशिवाकींनी काही त्रास आहे का, असं विचारलं. पंचेचाळिशीचे, हळू बोलणारे गृहस्थ. कोट कालच तिने पोचवलेला होता. खिशाची इस्त्री अजून मोडली नव्हती.

"विशेष काही नाही," तामाए म्हणाली. "कार्ड आलं म्हणून आले."

"रक्त वगैरे?"

"या वयात कुठलं, डॉक्टर."

नर्सने तिला आतल्या खोलीत नेलं. खुर्ची आपोआप वर गेली, मागे कलली, आणि निळे मोजे तिच्यापासून दूर दोन दिशांना गेले. पडदा ओढला गेला. तामाएने तो आतल्या बाजूने पाहिला. खालच्या शिवणीत एका जागी टाका सुटला होता. पुढच्या वसंतात हा घालायला हवा, असं तिच्या मनात आलं आणि लगेच वाटलं, पुढच्या वसंतात आपण असू ना?

पलीकडे भांड्यांचा आवाज झाला. "जरा गार लागेल," डॉक्टरांचा आवाज म्हणाला. मग बराच वेळ तो काही बोलला नाही. तामाएला ही शांतता ओळखीची वाटली. चोळलेला कपडा दिव्याखाली धरल्यावर कुनिहिरो असाच गप्प होतो.

"येण्याआधी आतून धुतलंत का?"

"हो तर," तामाए म्हणाली. तिला थोडा अभिमानच वाटला. "न धुता कसं येणार?"

"साबणाने?"

"चांगल्या."

पडद्यापलीकडे एक सुस्कारा ऐकू आला. "मला इथे लाली दिसतेय. पण ती आधीची आहे की आज सकाळच्या धुण्याची, ते सांगता येत नाही. आणि जे तपासायचं, ते बरंचसं वाहून गेलंय." डॉक्टर जरा थांबले. "इसोगाईबाई, गेल्या वर्षी मी एक कोट आणला होता, आठवतो? स्पिरिट लावून घासलेला."

तिला आठवला. बाहीवर तपकिरी डाग होता. सोया सॉस, असं डॉक्टर म्हणाले होते. तामाएने चारचौघांत त्यांना पाटी वाचायला लावली होती. डागाला आम्ही हसत नाही डॉक्टर, असं ती म्हणाली होती, पण तुम्ही त्याचं काय केलंत ते कळल्याशिवाय हातही लावत नाही.

"मीही तेच विचारतोय," पलीकडचा आवाज म्हणाला. "कशाचा, कधीचा आणि तुम्ही काय केलंत?"

तामाए पडद्याकडे बघत राहिली. समोरासमोर असते तर ती पुन्हा कार्डाचंच बोलली असती. पण इथे तोंड नव्हतं. ना तिचं, ना त्यांचं. नुसते मोजे होते, आणि मोज्यांना कसली लाज? सोयीसाठी म्हणून टांगलेल्या त्या कापडाचा आज प्रथमच उपयोग झाला.

"रक्ताचा," ती म्हणाली. "उन्हाळ्याच्या अखेरीपासून. पहिला ताजा होता, लाल, कडेला पिवळट पाणी. नंतरचे तपकिरी, जुने, वाळून आलेले. गेल्या आठवड्यात गुठळी होती, सोयाबीनच्या दाण्याएवढी. आज पहाटे पुन्हा लाल. मी गार पाण्यात भिजवून, औषध लावून सगळे काढले. एकही ठेवला नाही."

पलीकडे पेन कागदावर चालू लागलं. तामाए बोलायची थांबली तरी ते चालत राहिलं.

"इतकं नेमकं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं," डॉक्टर म्हणाले. त्यात कौतुक होतं की काय, ते तिला कळलं नाही. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल, ते म्हणाले. तीन दिवसांनी या. आणि जशा असाल तशा या.

हे शेवटचं सांगणं सगळ्यांत अवघड होतं. घरी जाताना तिने ते मनात अनेकदा उलटंपालटं करून पाहिलं.

दुकानात कुनिहिरो मागच्या खोलीत एका किमोनोच्या गळ्यावर वाकला होता. त्याने मान वर केली नाही.

"मांजराला दाखवलंस?" त्याने विचारलं.

तामाएने स्कर्टवरची सुरकुती हाताने साफ केली. "दाखवलं. अजून एकदा न्यायचंय."

"मी गाडी काढतो," तो म्हणाला. "मांजरं सायकलवर बसत नाहीत."

तीन दिवसांनी ती इस्त्रीवरून उठून तशीच गेली. अंगाला वाफेचा आणि स्टार्चचा वास होता, पायात टाचेला विरलेले राखाडी मोजे. आयुष्यात इतकी उघडी ती कधी पडली नव्हती. सुमिएताईला त्या मोज्यांचं समजलं तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही. कुनिहिरो गाडीतच बसून राहिला आणि दवाखान्याच्या भिंतीवरची वेल कुठल्या औषधाने साफ होईल, याचा विचार करत राहिला, असं निदान त्याने सांगितलं.

निकाल यायला दोन आठवडे लागले. त्या दिवसांत तामाए करी रांधत राहिली आणि कुनिहिरो ती कोण येणार हे न विचारता खात राहिला. अस्तरावर एक छोटी गाठ होती, देठाला लोंबणारी. साधी. ती काढून टाकली की झालं. डॉक्टरांनी हे टेबलापाशी, समोरासमोर सांगितलं, आणि दोघांनीही त्या वेळी टेबलाकडेच बघितलं. आणखी वर्षभर चोळत बसला असतात तर साधी राहिली असती की नाही, हे मी सांगू शकत नाही, ते म्हणाले.

घरी तामाएने देवघरात आईच्या फोटोपुढे उदबत्ती लावली. तुझं काय होतं ते तू सांगायला हवं होतंस, असं ती तिला मनात म्हणाली. थोडं रागावूनच म्हणाली.

गाठ काढल्यानंतरच्या आठवड्यात डॉक्टर निशिवाकी नेहमीप्रमाणे कोटांची पिशवी घेऊन दुकानात आले. दोघांनी एकमेकांना असं वाकून अभिवादन केलं, की जणू वर्षभरात गाठ पडली नव्हती. थंडी वाढली, यावर दोघांचं एकमत झालं. तामाएने कोट एकेक करून उलगडले. तिसऱ्याच्या छातीवर कॉफीचा डाग होता, ओल्या रुमालाने गोल गोल घासून बशीएवढा केलेला.

तिने काही न बोलता पाटीकडे पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं. त्यांचे कान हळूहळू लाल झाले.

"कशाचा?" तामाएने विचारलं.

डॉक्टरांनी घसा साफ केला. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती, आणि मध्ये पडदा नव्हता.

"सोया सॉस," ते म्हणाले.

तामाएने चिठ्ठीवर सोया सॉस असं लिहिलं, कोट घडी करून आत नेला आणि कुनिहिरोपुढे ठेवला. "कॉफी," ती हळूच म्हणाली. "कालची. चोळलीय."

"हं," कुनिहिरो म्हणाला आणि दिवा जवळ ओढला.