आठवा प्रश्न

दुभाषीबाईंचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. चारदा खुर्ची मागेपुढे करून झाली, दोनदा पाणी पिऊन झालं. समोर बसलेल्या मावशींच्या मुलाला वर्दीतल्या माणसांनी घरातून उचलून नेलं, त्याला पाच महिने झाले होते. मावशींना इंग्रजी येत नव्हतं आणि बेपत्ता माणसं शोधणाऱ्या कचेरीचा फॉर्म इंग्रजीत. आठव्या प्रश्नावर घोडं अडलं होतं: कोणी नेलं? पुढे तीन चौकोन. आर्मी, फोर्स, मिलिशिया. खूण एकाच चौकोनात करायची.

आर्मी म्हणजे सरकारची खडी फौज. तिने धरलेल्यांची यादी असते, कचेरीतले साहेब ती उघडून बघतात. फोर्स म्हणजे पोलिसांपासून पहारेकऱ्यांपर्यंत कुणीही. दहा ठिकाणी पत्रं जातात आणि उत्तर एकाचंही येत नाही. आणि मिलिशिया म्हणजे इथल्या-तिथल्या माणसांनीच बंदुका घेऊन उभी केलेली फौज. तिची यादी कोण ठेवणार? ती फाईल सरळ डाव्या कपाटात जाई, आणि ते कपाट पुन्हा उघडताना बाईंनी सहा वर्षांत कुणाला पाहिलं नव्हतं. फॉर्म बनवणाऱ्या शहाण्यांचं काय जातं, उंटावरून शेळ्या हाकायला!

"मावशी, बूट सगळ्यांचे सारखे होते का?"

"छे! एकाच्या पायात तर चपला होत्या. आणि म्होरक्याला सगळे दादा म्हणत होते."

म्हणजे मिलिशियाच, डावं कपाट. साहेब फोनवर होते. त्या पुढे वाकून हळूच म्हणाल्या, "मी आर्मीपुढे खूण करते. निदान यादी तरी उघडतील." सहा वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता त्यांनी. बोलून गेल्या आणि स्वतःच दचकल्या.

मावशींनी त्यांचा हात धरला. "नको गं बाई. भलत्याच दारात शोधतील त्याला. तिथे नाही सापडला की फाईल बंद करतील ना?"

करतील, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी मिलिशियापुढे खूण केली. फॉर्मचा राग आला, त्याहून स्वतःचा.

"झालं का?" साहेबांनी हात पुढे केला.

"नाही," म्हणत बाईंनी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. "किती जण होते, मावशी? एकेक सांगा."

"सात. पहिला लंगडत होता." मावशींनी दुसरं बोट धरलं. "दुसऱ्याच्या आईला मी ओळखते. आजवर कुणी विचारलंच नाही."