चाकूरचं शेत आणि दुसरं मूल

सुनेचं ते पत्र आषाढात आलं होतं आणि रेणुकादासांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. सासऱ्याशी असलं काही फोनवर बोलवेना, म्हणून राजश्रीने लातूरहून नांदेडला चक्क पत्र टाकलं होतं. माझ्या नि यज्ञेशच्या, दोघांच्या पगारात एकच मूल निभतं, तिने लिहिलं होतं. सृष्टी सात वर्षांची झाली, मला एकोणचाळिसावं लागलं. चाकूरचं शेत त्यांच्या नावावर होणार असेल, तर दुसऱ्याचा विचार करू. हो की नाही, एवढंच कळवा.

रेणुकादासांची हयात कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. शेत त्यांनी कमावलेलं नव्हतं. आजोबांच्या साठ एकरांच्या चौघा भावांत चिंध्या झाल्या, म्हणून वडील एका मुलावरच थांबले. आपल्या वाट्याचा तुकडा तरी अखंड राहावा. ते एक मूल म्हणजे रेणुकादास. ज्या शेतापायी आपल्याला भावंडं झाली नाहीत, तेच आता नातवंडासाठी कबूल करायचं, हे बरोबर की चूक, त्यांना ठरवता येईना. चार मसुदे झाले. प्रत्येकात एखादा शब्द आगाऊ वाटला. महिने गेले.

दिवाळीला ते लातूरला गेले, तर माळ्यावरचा पाळणा दारात. कामवाली विठाबाई तो रिक्षात चढवत होती.

"सुनंला चौथं झालं, काका," ती म्हणाली. "तुमच्याकडं शेत हाय, पगार हाय, अन् लेकरू एकच! आमच्याकडं वाटायला काईच न्हाई, मग भ्यायचं कशाला? होऊ द्या लई!"

स्वतःच्याच बोलण्यावर ती खदखदून हसली. रिक्षा गेली.

"पाळणा दिलास?" रेणुकादासांनी सुनेला विचारलं.

"हो. तुमचं उत्तर कळलं, बाबा."

"मी तर उत्तर दिलंच नव्हतं."

"आमच्या माहेरी मोठी माणसं गप्प राहिली, की नाही समजायचं असतं." तिच्या आवाजात राग नव्हता. "आता नकोच, आमचं ठरलंय. तुम्हाला चहात साखर कमी ना?"

त्यांनी चहा घेतला. साखर कमी होती की जास्त, त्यांना कळलं नाही.

नांदेडला परतल्यावर त्यांनी मसुदे काढले नाहीत. कोऱ्या कागदावर लिहिलं, 'चि. सौ. राजश्रीस आशीर्वाद. हो. शेत तुमचंच, मूल होवो न होवो. मी उशीर केला.'

टपालपेटीवर टपाल काढायची पुढची वेळ चारची लिहिली होती. दीड वाजला होता. त्यांनी पत्ता एकदा वाचला आणि पत्र आत सोडलं.