दुसरी हाक

नृसिंहनं सोल्डरिंगचा आयर्न स्टँडवर टेकवला आणि हाताच्या खुणेनंच नंदिनीला गप्प केलं. टेबलावरचा लाल दिवा पेटला, विझला. दोघं दिव्याकडे बघत राहिले. जरा वेळानं दिवा पुन्हा पेटला, मशीननं खट्‌कन फोन उचलला आणि पलीकडच्याच्या कानात आपली लांबलचक शिट्टी सोडली. पलीकडे कोणी बोललं नाही. मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

"आलं बघ तुझं भूत," नंदिनी म्हणाली.

उद्यमनगरातल्या त्या शेडमध्ये पूर्वी इंजिनाचे सुटे भाग बनत. अठ्ठ्याऐंशी साली मालक बाळासोंच्या डोक्यात कॉम्प्युटर शिरला आणि त्यांनी या दोन इंजिनिअरांना कामावर घेतलं. काम सांगायला सोपं होतं. जयसिंगपूरच्या एका पेढीनं दुपारी उशिरा फोन करायचा, दोन घंटा झाल्या की मशीननं तो आपण होऊन उचलायचा आणि दिवसाचा हिशोब उतरवून घ्यायचा. मशीनच्या पोटात जो प्रोग्रॅम फोनकडे कान देऊन बसतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो लिहायचं काम नृसिंहचं. घंटा वाजली की लाल दिवा पेटतो आणि मशीनला हातातलं काम टाकून तिकडे बघावं लागतं. त्याला इंग्रजीत इंटरप्ट म्हणतात. नंदिनी त्याला व्यत्यय म्हणायची, आणि शेडमध्ये तोच शब्द रूढ झाला.

दुपार कलली की हा जास्तीचा व्यत्यय यायचा. एक घंटा, मग खंड, मग आणखी एक. मशीन दोन मोजून फोन उचलायचं, कुणी नाही म्हणून ताटकळायचं, आणि तेवढ्यात जयसिंगपूरनं फोन लावला तर त्यांना लाइन बिझी मिळायची. नृसिंहनं घंटा ओळखणारा रिले बदलला, तारा बदलल्या, टेलिफोन खात्याच्या माणसाला चहा पाजून लाइन तपासून घेतली. सगळं ठीक होतं आणि घंटा वाजतच होती.

बाळासो आत आले. "काय नृसिंहराव, सोमवारी पेढीची मान्सं येणार हायत. भूत निघालं का न्हाय मशिनीतनं?"

"भूतच आहे हो," नंदिनी हसली.

"भूत कसलं? भूत एकदाच हाक मारतंय. ह्यो दोनदा मारतोय म्हंजे मानूसच हाय की कुनीतरी!"

नृसिंहलाही हसू आलं. त्याची आई, कालिंदीबाई, हेच म्हणायची. तिन्हीसांजेला एका हाकेला ओ द्यायची नाही. आपलं माणूस दुसरी हाक मारतंच. घरात कुणी कुणाला एकदाच हाक मारलेली त्याला आठवत नव्हती. आई जाऊन वर्ष झालं होतं. कळंब्याच्या घरी वडील, अप्पा, एकटेच होते, आणि या मशीनच्या नादात त्याला तिकडे फिरकून महिने झाले होते. अप्पांना त्यानं शेडचा नंबर देऊन ठेवला होता. 'अगदी अडचण असेल तरच करा हं, कामात व्यत्यय येतो,' असंही वर सांगितलं होतं.

त्यानं खुर्ची ओढली. दोन घंटांमध्ये असा खंड पडला की दोन्ही खोट्या धरायच्या, फोन उचलायचाच नाही, असं ड्रायव्हरमध्ये लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी दिवा दोनदा पेटला आणि मशीन ढिम्म हललं नाही. बाळासोंनी सगळ्यांसाठी भजी मागवली.

रविवारी तो कळंब्याला गेला. दत्तोपंतांनी, म्हणजे अप्पांनी, स्वतः चहा टाकला. थोडा चहा बशीत सांडला. पाठीला उसवलेला शर्ट त्यांनी तसाच घातला होता. नृसिंहला फार वाईट वाटलं.

"जेवणाचं बघता ना नीट?"

"बघतो की. दुपारी दूध संस्थेत जाऊन बसतो, पेपर वाचतो. फोनसुद्धा आलाय आता तिथं." त्यांनी त्याच्यापुढे कप सरकवला. "तुझं मशीन काय म्हणतंय?"

नृसिंहची कळी खुलली. त्यानं सगळं रंगवून सांगितलं. दिवा, रिले, टेलिफोनवाला, बाळासोंचं भूत.

"म्हणजे असं दोनदा वाजवलं, तर आता उचलत नाही ते?"

"छे! त्याचा कायमचा बंदोबस्त केला."

अप्पांनी बशीतला चहा परत कपात ओतला. "बरं केलंस. नाहीतर ती शिट्टी कानठळ्या बसवायची."

"हो ना," म्हणून नृसिंह हसला, आणि पेढीच्या माणसांविषयी बोलत राहिला. अप्पा मान डोलावत होते. तुझ्या कामात व्यत्यय नको, एवढं मात्र ते मध्येच म्हणाले.

निघाला तेव्हा दिवेलागण झाली होती. तो फाटकाबाहेर पडून वळणापर्यंत पोचला असेल, तेवढ्यात मागून अप्पांची हाक आली.

"नृसिंहा!"

सवयीनं तो जागच्या जागी थांबला. दुसऱ्या हाकेची वाट बघत उभा राहिला. कळंब्याच्या तळ्याकडून गार वारा येत होता. हाक काही आली नाही.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. शिट्टीचं आपण अप्पांना सांगितलंच नव्हतं.

तो वळला आणि पळतच फाटकापाशी आला. अप्पा त्याचा विसरलेला डबा हातात धरून उभे होते. एवढ्या सगळ्या दुपारी हा म्हातारा दूध संस्थेत बसून नंबर फिरवत होता, आधी एक घंटा देऊन ठेवत होता, मग आईनं लावलेल्या शिस्तीनं पुन्हा फिरवत होता, आणि कानात शिट्टी भरून घरी जात होता.

"अप्पा, अजून एकदा मारा की हाक."

"आता कशाला?" अप्पांनी डबा त्याच्या हातात दिला. "आलास की तू."

मग शेवटची बस चुकेल, म्हणून त्यांनी त्याला लवकर चालायला सांगितलं.