खोटी दोन सूत

झरीत पिठाच्या गिरणीला लागून नागनाथ सुताराचं पत्र्याचं शेड होतं. आसपासच्या गावात नवं घर उठलं की चौकटीच्या कडेची गोलाई नागनाथनंच काढावी, असं लोकांचं ठरलेलं. परभणीत एक कारखाना बंद पडला तेव्हा त्यानं तिथून लाकडाच्या कडा कोरायच्या दोन राऊटर मशिनी आणल्या, एक लहान आणि एक मोठी. त्यांच्यासोबत बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ढीगभर बिटं आली. बीट म्हणजे मशीनच्या तोंडात बसवायचं पातं. वर धार, खाली गोल दांडी. दांडी तोंडात घालायची आणि तिला पकडून ठेवणारा चक आवळायचा.

काचबिंदूनं डोळे गेले तेव्हा नागनाथ पन्नाशीलाही आला नव्हता. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेली ती नजर गेली, राहिली ती थेंबांवर टिकवायची. राहिली होती ती एवढीच, की दिवस-रात्र कळायची आणि दारात कोणी उभं राहिलं तर सावलीसारखं काहीतरी दिसायचं.

काम त्यानं सोडलं नाही. लाकडाच्या पट्ट्या ठोकून त्यानं मशिनीला असे साचे केले, की हात पात्याजवळ जाऊच नयेत. चौकट पुढं सरकवायची आणि आवाजावरून ओळखायचं. ते त्याला जमलं. अडायचं बिटांपाशी. इंचाचे आठ सूत. मोठ्या मशीनला चार सुताची दांडी लागे, लहान मशीनला दोन सुताची. त्यात तिसरी एक जात होती, मिलिमीटरच्या मापाची. दोन सुतापेक्षा ती केसभर बारीक. तिचा चक वेगळा होता. ती दोन सुताच्या चकात बसायची, आवळलीही जायची, पण फिरायला लागली की सुटायची. नागनाथ तिला खोटी दोन सूत म्हणायचा. नजर कमी झाली त्या वर्षी एक असंच बीट सुटलं आणि सूं करत जाऊन दाराच्या लाकडात रुतलं. दारापासून हातभर अंतरावर त्याची बायको मनकर्णा घमेल्यात भुसा भरत होती.

त्या दिवसापासून बिटं द्यायचं काम मनकर्णाकडं आलं.

वीज आली की हाक यायची, "मनकर्णे, बीट." भाकरी तव्यावर असो नाहीतर घागर नळाखाली असो, ती धावायची. डबा पालथा करायचा, दांडी डोळ्यांजवळ धरून ओळखायची, त्याच्या तळहातावर ठेवायची. पाच मिनिटांनी पुन्हा हाक. सोनपेठला, माहेरी, भावाच्या मुलीचं लग्न होतं. ती सकाळच्या गाडीनं गेली, अक्षता टाकल्या आणि पंगत बसायच्या आत परत निघाली. भावजय म्हणाली, "वन्सं, दोन घास तरी खाऊन जावा." मनकर्णा म्हणाली, "तिकडं मशीन उभी हाय."

त्यांना एकच मुलगी, छबू. पालमला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी झालं. आता दुसऱ्यांदा दिवस गेले होते. सासू नव्हती, घरात आजारी सासरा आणि तीन वर्षांचं पोर. यावेळी छबूला घर सोडून येता येणार नव्हतं. संक्रांतीच्या सुमारास मनकर्णानंच पालमला जायचं, सव्वा महिना राहायचं, असं ठरलं. नागनाथ ऐकून हो म्हणाला. मग म्हणाला, "बिटं कोण दील?"

मनकर्णानं त्यावर बरेच दिवस विचार केला. मग सागाचा एक जाड तुकडा घेतला आणि त्याला तीन ओळींत भोकं पाडली. मागच्या ओळीत चार सुताची, मधल्या ओळीत दोन सुताची. पुढच्या ओळीची भोकं तिनं पॉलिशपेपर गुंडाळून इतकी जपून घासली, की खोटी दोन सूत आत जायची आणि खरी तोंडावरच अडायची. आता नजर लागत नव्हती. बीट आधी पुढच्या ओळीत घालून बघायचं. गेलं तर खोटं, अडलं तर खरं.

नागनाथनं फळीवरून बोटं फिरवली. एक बीट उचललं, घालून बघितलं, दुसरं उचललं. "डोकं लावलंस," तो म्हणाला, आणि फळी तिच्या हातात परत दिली.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी मधल्या ओळीत, खऱ्या दोन सुतांमध्ये, एक खोटं निघालं. मनकर्णा हादरली. रात्री आपणच आवरलं होतं. दोन दिवसांनी आणखी एक निघालं. मग दोन. ती दुपारी दार लावून सगळी बिटं परत परत घालून बघायची. आपलं लक्ष उडतंय, आपल्याच हातून हे होतंय, असं तिला वाटायला लागलं. जायचा दिवस तिनं पुढं ढकलला. नागनाथ म्हणाला, "तुजं ध्यान पोरीकडं लागलंय. व्हतं असं."

छबूचे दिवस भरत आले तसा मनकर्णाचा धीर सुटला. एक दिवस तिनं फळी नीट लावली, दोनदा तपासली, शेजारच्या गिरणीवाल्या सटवाजीला सांगितलं, "भावजी, यांच्याकडं बघा," आणि पिशवी घेऊन परभणीची गाडी धरली.

परभणीच्या स्टँडवर गाड्या ओळीनं उभ्या होत्या आणि एकही हलत नव्हती. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला होता. गंगाखेडच्या रस्त्यावर झाडं आडवी टाकली आहेत, असं कंडक्टर सांगत होते. पालमची गाडी आज नाही, उद्याचंही सांगता येत नाही. ती दुपारपर्यंत फलाटावर बसून राहिली. मग झरीकडं निघालेल्या एका दुधाच्या टेम्पोत जागा मिळाली, तशी ती परत फिरली.

शेडाचं दार उघडं होतं. मशीन बंद होती. नागनाथ जमिनीवर बसला होता, मांडीवर बिस्किटाचा डबा, आणि समोर फळी. फळीतलं एक एक बीट उपसून तो डब्यात टाकत होता. मनकर्णा उंबऱ्यात थांबली. तिची सावली आत पडली तसं त्यानं तोंड वर केलं.

"सटवाजी, आलास? ये, बस."

तिनं दाराची चौकट धरली.

"पोस्टातून पालमला फोन लावायचाय," नागनाथ म्हणाला. "जावयाच्या घराशेजारी बन्सीधरचं किराणा दुकान हाय, ते निरोप देतेत. सांग, बिटं समदी मिसळली, दोन चौकटी अडकून पडल्यात, उद्याच्या उद्या निघ म्हणावं. मी मिसळली म्हणू नको. फळी खाली पडली म्हण."

त्यानं आणखी एक बीट डब्यात टाकलं.

"बोलंना गेलास? तुला वाटत असंल, हा बायकोला छळायलाय. ती लय हुशार हाय रे. ही फळी तिनं अशी केली, की मला बोटानं समदं कळतं. पयल्याच दिवशी कळलं. म्हणून तर..."

"म्हणून तर काय?" मनकर्णानं विचारलं.

त्याचा हात डब्यावर तसाच राहिला.

"गाड्या बंद हायत," ती म्हणाली. आत येऊन तिनं पिशवी खाली ठेवली नाही, हातातच धरली. "आधी बी तुमीच बदलीत व्हता?"

"हां."

"मी रोज दुपारी दार लावून बसायचे. मला वाटलं, माजंच डोकं फिरलं."

"मला ठाऊक हाय."

"आन् एखादं सुटून तुमच्याच छातीत गेलं असतं तर?"

"गेलं नसतं. कोणतं कुठं ठिवलंय, ते मला ठाऊक व्हतं." मग खाली मान घालून तो म्हणाला, "मला तुजी गरज न्हाई, असं एकदा दिसलं की तू कशाला परत येशील?"

"येनार न्हाई, असं मी कवा म्हणले?"

"म्हणली न्हाईस. म्हणूनच भ्या वाटतं."

मनकर्णा कापलेल्या लाकडांच्या ढिगावर बसली. इतक्या वर्षांत तिनं नवऱ्याला कधी हुकूम केला नव्हता. "तुमी काढली, तुमीच लावा," ती म्हणाली. "मी हात लावनार न्हाई."

त्यानं लावायला घेतलं. बीट उचलायचं, अंगठ्यानं दांडी चोळायची, पुढच्या ओळीत घालून बघायचं. चुकलं नाही एकही. ती बघत होती. फळी झाल्यापासून त्याला आपण लागत नव्हतो, आणि तरी आपण रोज धावत होतो, हे एक एक भोक भरत गेलं तसं तिला कळत गेलं. तिला रडू आलं नाही.

गाड्या सुरू व्हायला बरेच दिवस गेले. तेवढ्या दिवसांत नागनाथनं एकदाही हाक मारली नाही. मशीनचा आवाज यायचा, थांबायचा, परत यायचा. चुलीपाशी बसलेली मनकर्णा आवाज थांबला की आपोआप उठायची, आणि मग उगीच भांडी हलवून परत बसायची. जेवताना तो भाजीची चव सांगायचा, ती हूं म्हणायची. रस्ता उघडला त्या सकाळी तिनं पिशवी उचलली.

"कवा येशील?" त्यानं विचारलं.

"सांगता येत न्हाई."

पालमला पोचली तर बाळ झालेलं होतं. मुलगी. शेजारच्या चांगुणाबाईनं सगळं निभावलं होतं. छबू बाजेवर पडल्या पडल्या आईकडं बघत राहिली. "आता आलीस व्हय माय," एवढंच ती म्हणाली. मनकर्णानं गाड्यांचं सांगितलं. बाकीचं सांगितलं नाही.

तिनं बाळाला न्हाऊ घातलं, शेक दिला, छबूच्या सासऱ्याचं पथ्य सांभाळलं. पण शेजारच्या दुकानातला फोन वाजला की तिचे हात थांबायचे. एका दुपारी बन्सीधरनं खरंच हाक दिली, "झरीचा फोन हाय." ती पदर सावरत गेली. फोनवर सटवाजी होता.

"नागनाथनं न्हाई सांगितलं वहिनी. मीच लावला," तो म्हणाला. "काम चालू हाय त्याचं, चांगलं चालू हाय. पण जेवत न्हाई नीट. तुमाला कळवू नको म्हणला."

तिनं फोन धरून ठेवला. बन्सीधर तराजूत डाळ तोलत तिच्याकडं बघत होता.

"बरं," ती म्हणाली.

खोलीत आल्यावर छबूनं विचारलं, "बाबानं बोलावलं?"

"न्हाई."

"मग जायलीस का?"

"सव्वा महिना म्हणले ना मी," मनकर्णा जरा जोरातच म्हणाली. बाळ दचकलं. तिनं त्याला उचलून घेतलं आणि खोलीत फेऱ्या घालत राहिली, भिंतीपासून दारापर्यंत, दारापासून भिंतीपर्यंत.

ती सव्वा महिना राहिली. या काळात तिच्या घशाखाली घास सुखानं उतरला नाही.

फाल्गुनात परत आली तेव्हा नागनाथ शेडाच्या दारात उभा होता. गालफडं बसली होती. पावलं ओळखून त्यानं हात पुढं केला आणि तिची पिशवी घेतली. कुठं ठेवायची ते त्याला सुचेना, म्हणून तो ती छातीशी धरून तसाच उभा राहिला.

"पोर कोणावर गेली?" त्यानं विचारलं.

"तुमच्यावर," मनकर्णा म्हणाली, आणि चूल पेटवायला आत गेली.