तळाशी पोहोचलेला ताल

मित्रांनो, धक्क्याच्या पायऱ्यांजवळ जो गंजका लोखंडी बोजा पडलेला असतो, ज्याला तुम्हीच ठेचकाळता आणि ज्याच्यावर तुम्हीच रागावता, तो मी. मी एक जुना नांगर आहे. शेतातला नव्हे, माझे शेत पाण्याखाली. नावेने मला खाली सोडावे, मी वाळूत फाळ रुतवावे आणि वर सगळ्यांनी निश्चिंत झोपावे, एवढीच माझी शेती.

एका लोहाराने मला घडवले. बालपणातला भात्याचा श्वास आणि घणाचे घाव तेवढे आठवतात. शेवटचा घाव घालून त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "जा बाबा, कोणाला तरी धरून ठेव." इतका साधा आशीर्वाद मी पुन्हा ऐकला नाही.

मग मी कौले वाहणाऱ्या एका शिडाच्या नावेवर गेलो. नावेचा तांडेल अबोल, पण हाताचा मोठा जाणता. रोज पहाटे तो माझ्या दोरावर तळहात ठेवी, डोळे मिटी आणि वैद्य नाडी पाहतो तसा समुद्र पाही. खाडीच्या तोंडाशी लाटा फुटत असतील तर दोरात बारीक धडधड येई. दोर निवांत असला की तो म्हणे, "चला." आकाश काही का सांगेना, तो दोराचे ऐके. आणि तळाशी पडल्या पडल्या मीही त्याच दोरातून वरचे जग ऐके. उजेड माझ्यापर्यंत येईतो हिरवा होई. मासे जवळ येत, जणू काही विचारणार, आणि न विचारताच निघून जात.

एकदा नावेवर अक्का आली. तांडेलाची थोरली बहीण. किनाऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला तिची लेक राहत होती. लेकीचे पहिले बाळंतपण जवळ आले होते, जावई दूरच्या बोटीवर कामाला आणि घरात दुसरे माणूस नाही. "आई, तू असलीस की मला भीती नाही," असा निरोप आला होता. अक्काने जुन्या मऊ कापडाची दुपटी शिवली, गाठोडे बांधले आणि ती कौलांच्या राशीला टेकून बसली. नावेवर तिसरा होता स्वयंपाकी. उभ्याउभ्याही झोपायचा म्हणून त्याला सगळे डुलकी म्हणत.

वाटेत वादळ आले. तांडेलाने नाव एका खाडीत घातली आणि मला सोडले. वारा वर घुमत होता; मी वाळूत खोल शिरलो आणि धरून राहिलो. मग एका संध्याकाळी वारा पडला. सकाळी निघायचे, असे सगळ्यांनीच धरले.

पहाटे तांडेलाने दोरावर हात ठेवला. जरा वेळाने म्हणाला, "नाही. बाहेर पाणी अजून उसळतंय."

"अरे, आभाळ बघ की," अक्का म्हणाली. "धुतलेल्या ताटासारखं झालंय."

"आभाळ फसवतं, अक्का. दोर नाही फसवत."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी शेजारच्या नावा शिडे उभारून एकेक करून निघून गेल्या. अक्का त्यांच्याकडे पाहत राहिली.

"पीठ संपत आलंय," डुलकी म्हणाला. "उद्यापासून दोरच शिजवतो. एवढा सगळ्यांना आवडतोय तर."

मित्रांनो, ती धडधड लाटांची नव्हती. अक्काला पहाटे देवाची गाणी म्हणायची सवय होती. ती दोराच्या खुंट्यापाशी कांबळे पांघरून बसे, आणि कांबळ्याखाली तिची टाच फळीवर ताल धरी. तिला स्वतःलाही ते ठाऊक नव्हते. तो ताल फळीतून खुंट्यात, खुंट्यातून दोरात उतरे आणि थेट माझ्यापर्यंत येई. लाट कधी लवकर येते, कधी रेंगाळते. हा ठोका मात्र दर वेळी नेमका समेवर पडत होता. मला तळाशी सगळे कळत होते, पण लोखंडाला वाचा कुठली? लेकीच्या आठवणीने अक्का जितकी कळवळून गाई तितकी टाच जोरात पडे, आणि तितकाच तांडेल म्हणे, "आज तर कालपेक्षा वाईट आहे."

शेवटी त्या रात्री ती भावावर चिडली. "तुझ्या हाताला वेड लागलंय. माझी पोर तिकडे एकटी आहे."

"तिलाच शब्द दिलाय मी," तो म्हणाला. "तुला सुखरूप आणीन म्हणून. नाहीतर मला का हौस आहे इथे बसायची?"

पहाट झाली. अक्का आपल्या जागी येऊन बसली, पण गाणे फुटेना. मग हळूच म्हणाली, "देवा, मागून मागून थकले बघ. आता तुला वाटेल तेव्हा ने." आणि हात मांडीवर ठेवून ती गप्प बसली. वर कुठेही काही हलले नाही. माझ्याभोवतीचे हिरवे पाणी काचेसारखे झाले. मला वाटते, देऊळ आतून असेच असावे.

तांडेलाचा हात दोरावर आला. बराच वेळ तिथेच राहिला. "चला," तो म्हणाला.

मला वर ओढू लागले. अक्काला आनंद मावेना. गाठोडे छातीशी धरून ती गाऊ लागली. ओढता ओढता तांडेल थबकला.

"अक्का, पाय थांबव जरा."

तिने थांबवला.

"आता चालू कर."

ठक, ठक, ठक. डुलकीने दोर सोडला आणि पोट धरून खालीच बसला. "म्हणजे वादळ गेल्यावर आपल्याला अक्काच्या टाचेनं बांधून ठेवलं होतं!"

अक्का हसली नाही. तिचा चेहरा उतरला. "पोहोचायला उशीर झाला तर रे?"

"हात माझा होता," तांडेल म्हणाला. "चूक माझी. आता बस आणि गा. मोठ्यानं गा."

वारा चांगला लागला. एका संध्याकाळी लेकीच्या गावाच्या धक्क्याजवळ मला सोडले. फळीवर अक्काची धावती पावले वाजली आणि थांबली. मग दोरातून काहीच येईना. समुद्र शांत होता, तरी तांडेलाचा हात दोरावर आला. या वेळी तो समुद्र पाहत नव्हता, वाट पाहत होता. तो तिथे किती वेळ होता कोण जाणे. माझ्यावरचा अंधार विरळ होत हिरवा होऊ लागला, आणि तेव्हा वरून एक ठोका आला. मग दुसरा. समेवर.

ही अक्काची टाच नव्हती. ती तर किनाऱ्यावर होती. तिचे गाणे धक्क्यालगतच्या लेकीच्या घराच्या खिडकीतून नावेपर्यंत आले असणार, आणि ते ऐकता ऐकता तांडेलाचीच टाच नकळत पडू लागली होती. बातमी मला तळाशी अशी कळली. उजाडल्यावर तो डुलकीला सांगत होता, "मुलगी झाली. अक्काच्याच हातांवर आली."

पुढे नावेला इंजिन आले, नवा हलका नांगर आला, आणि मी अक्काच्या लेकीच्या गावी, या पायऱ्यांजवळ येऊन पडलो. पूर्वी मला तेल मिळे. आता लोक मला पोती टेकवतात, फुटक्या बाटल्या टाकतात. तक्रार नाही. पण एक मागणे आहे. ज्याने तुम्हाला कधी धरून ठेवले, त्याला वर्षातून एकदा पुसा, बोटभर तेल लावा. आणि वाट पाहताना जीव फार कासावीस झाला, तर घटकाभर पाय स्थिर ठेवून बसून पाहा.

संध्याकाळी एक मुलगी माझ्यावर येऊन बसते. आजीने शिकवलेले तेच देवाचे गाणे म्हणते आणि टाचेने माझ्या पाठीवर ताल धरते. सम कधी चुकत नाही. तेवढ्यापुरते मला पुन्हा हिरवे पाणी दिसू लागते.