भरलं हाय

तुम्ही खोटं बोललात. घाईत चुकून निघालेलं खोटं नव्हतं ते. जीपमधून उतरून, टाय सरळ करून, शेठच्या ओटीवर चहा पीत तुम्ही खोटं बोललात. "इंजिन जाम झालंय. ड्रायव्हरने ऑईलच घातलं नव्हतं," एवढं म्हणून तुमचा साहेब मुंबईला निघून गेला. त्याने इंजिनाखालचा नट खोलला नाही. ऑईल मोजायची पट्टी असते, ती नुसती ओढून बघायला हात काळा झाला असता, तेवढंही केलं नाही. ज्याच्यावर आळ घेतला तो माणूस तेव्हा मांडीचं हाड मोडून दवाखान्यात पडला होता.

गाडी विकणाऱ्या तुमच्या कंपनीचं नाव मी लिहीत नाही. ते तुम्हाला पाठ आहे आणि वाचणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. वाचणाऱ्याला धर्माजी कळला पाहिजे.

धर्माजी माझा दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचा, मालनचा नवरा. मूळचा पोशीरचा. क्लीनर म्हणून लॉरीवर चढला आणि ड्रायव्हर होऊन उतरला. पुढे खालापूरजवळ एका मुंबईच्या शेठच्या बंगल्यावर लागला. बंगल्यामागच्या खोलीत दोघं राहायची. मी भिवपुरीच्या पॉवर हाऊसवर कामाला, सुट्टी मिळाली की त्यांच्याकडे जायचो.

शेठने बोटीतून एक गाडी आणवली होती. शर्यतीच्या जातीची, लाल, कमरेएवढी बुटकी, दोनच माणसं बसायची आणि इंजिन पाठीमागे. घाटात ती चढताना तिचा आवाज अंगावर यायचा. शेठ तिच्यात वाकून शिरायचा आणि गुडघे धरून बाहेर निघायचा. मालन म्हणायची, "येवढे पैशे टाकून मानूस रांगतोय बघ."

दाजीची एक सवय होती. सकाळी गाडी सुरू करायच्या आधी तो पट्टी ओढायचा, फडक्याने पुसायचा, परत घालून काढायचा आणि हाक मारायचा, "माले, बघ गं." ती भाकरीच्या पिठाच्या हातांनी बाहेर यायची, पट्टीवरच्या खुणेपाशी डोळे न्यायची आणि म्हणायची, "भरलं हाय." मगच गाडी निघायची. मी एकदा विचारलं, दाजी, तुम्हाला दिसत नाही का? तर म्हणाला, दिसतं रं, पण तिने बघितलं म्हणजे गाडी नीट जाते. मालन आतून बोलली, "देव सोडलं, आता मला पुजतायत." खरं कारण मला वाटतं वेगळं होतं. दिवसभरासाठी निघायच्या आधी त्याला तिचं तोंड बघायचं असायचं.

देव सोडले ते खरंच. छप्पन साली दोन्ही घरांनी दीक्षा घेतली. त्यांचं लग्न लागलं ते बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे. तेव्हापासून दाजीने गाडीला नारळ फोडला नाही की चाकाखाली लिंबू ठेवलं नाही.

चौऱ्याहत्तरच्या दसऱ्याला शेठ आधीच खंडाळ्याला गेला होता. गाडी वर घेऊन ये, असा निरोप आला. माळी विठू झेंडूचा हार घेऊन आला. दाजी म्हणाला, घाल बाबा, फुलंच हायत. विठूने नारळ पुढे केला, तो मात्र दाजीने हसून परत दिला. विठू पुटपुटला की आजच्या दिवशी असं घाटातून जाऊ नये. त्याच आठवड्यात घाटात एक ट्रक खाली गेला होता आणि त्याचा ड्रायव्हर मालनच्या ओळखीचा होता.

मालनचं काळीज हललं. शेठच्या स्वयंपाकघरातून तिने एक लिंबू उचललं आणि पदराखाली मुठीत धरलं. इतक्यात हाक आली, "माले, बघ गं." ती आली. दाजीने पट्टी तिच्या डोळ्यांपुढे धरली. तिचं लक्ष मागच्या चाकाकडे आणि सगळा जीव मुठीत. न बघताच ती म्हणाली, "भरलं हाय." दाजी पुढे जाऊन बसला तशी ती वाकली, चाकापुढे लिंबू ठेवलं आणि बाजूला झाली. गाडी त्याच्यावरून गेली.

घाटात, अर्ध्या चढावर, इंजिन जाम झालं. मागची चाकं जागच्या जागी आवळली, गाडी गर्रकन फिरली आणि तोंडाने कठड्यावर आदळली. कठडा तुटला नाही म्हणून दाजी आज आहे.

तुमचा साहेब आला तो त्यानंतर. शेठ वाईट माणूस नव्हता, पण तुमच्या टायवर त्याचा विश्वास होता. त्याने दाजीला हाकललं नाही. दाजी लंगडत का होईना चालायला लागल्यावर त्याला फाटक उघडायला आणि बागेला पाणी घालायला ठेवलं. चेपलेली गाडी पाठीमागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. स्टेअरिंग मात्र पुन्हा कोणी दाजीच्या हातात दिलं नाही. खोपोलीच्या नाक्यावर ड्रायव्हर लोक विचारायचे, "धर्माजी, घरी भजी तळताना तरी तेल घालतोस का रं?" तो हसायचा. घरी आल्यावर हसायचा नाही.

त्याचं एकच वाक्य होतं, ऑईल व्हतं. ते बोलून झालं की मालनकडे बघायचा. मालन खाली बघायची.

मला तिचा राग यायचा. रोज तूच बघायचीस ना, मग जाऊन सांग शेठला, असं मी तिला तोंडावर म्हणालो. ती कळशी घेऊन विहिरीवर गेली. मला वाटलं, आसरा जाईल म्हणून शेठला भिते. शेडची किल्ली तिच्याच जुडग्यात होती. म्हटलं, उघड, पट्टी ओढू, काय ते कळेल. तर म्हणाली कुलूप गंजलंय. दाजीला म्हटलं, तर तो अडून बसला. "मी घातलंय ते मीच तपासू? मंग माजा माज्यावर भरोसा नाय असंच झालं की."

अशी तीन वर्षं गेली. ती रात्री त्याच्या मांडीला तेल चोळायची आणि सकाळी त्याच शेडवरून मान फिरवून जायची.

मग तुमच्याच वर्कशॉपचा एक मेकॅनिक पेटी घेऊन आला. मी तेव्हा तिथे होतो. त्याला जुनं काहीच माहीत नव्हतं. म्हणाला, या गाड्यांच्या ऑईल पंपात खोट निघालीय, कारखान्यातूनच निघालेली. कंपनीने तसले सगळे पंप परत मागवलेत, मोडक्या गाडीतला असला तरी काढून आणायचाय.

मालनने जुडग्यातली किल्ली काढली. कुलूप एका फिरकीत उघडलं.

मेकॅनिकने घमेलं मागितलं. दाजी बागेतलं घमेलं घेऊन आला आणि गुडघा वाकत नाही म्हणून तसाच आडवा होऊन त्याने ते इंजिनाखाली सरकवलं. मालन दाराची चौकट धरून उभी होती. नट सुटला.

ऑईल आलं. काळं, जाड, संथ. घमेलं भरलं तरी येतच राहिलं. मेकॅनिक ओरडला, अजून काहीतरी आणा. कोणी हललं नाही, तेव्हा मीच धुण्याची बादली आणली.

पंप खोलल्यावर आतला दांडा मधोमध तुटलेला निघाला. मेकॅनिक सहज बोलत होता. खाली ऑईल भरलेलं आणि पंप वर चढवतच नाही, मग इंजिन कोरडंच चालणार, घाटात तर जाम होणारच. पुढे म्हणाला, "ड्रायव्हर वाचला हे नशीब. कुठे असतो तो आता?"

दाजी घमेलं धरून बसला होता. म्हणाला, "हितंच असतो."

मेकॅनिकने डोक्यावरची टोपी काढली आणि पंप पोत्यात बांधायला बाहेर गेला. तुमच्याकडचा तेवढा एकच माणूस मी बघितला.

मालन तिथेच खाली बसली आणि सगळं बोलून टाकलं. लिंबाचं, मुठीचं, न बघता बोललेल्या शब्दाचं. ऑईल नसलंच तर तो खोटा शब्द आपला, म्हणजे मांडी आपण मोडली, असं धरून ती तीन वर्षं चालली होती. शेडकडे बघायला भ्यायची ती त्यामुळे.

दाजीने ऐकून घेतलं. म्हणाला, "लिंबू मला ठाऊक व्हतं. आरशात दिसलीस वाकताना."

"मंग बोल्ला का न्हाय?"

"बोल्लो असतो तर तुला वाटलं असतं, धम्म मोडला, तुज्यामुळं झालं."

"मला तेच वाटत व्हतं की वो."

दाजीला हसू फुटलं आणि मालन पदर तोंडाला लावून रडायला लागली. रडता रडता म्हणाली, मेलं लिंबूपन फुकट गेलं. त्याने घमेलं तिच्यापुढे ओढलं.

"माले, बघ गं."

तिने डोळे पुसले, पुढे वाकली आणि चांगलं निरखून बघितलं.

"भरलं हाय," ती म्हणाली.

मी नंतर तुमच्या मुंबईच्या ऑफिसात आलो होतो. बाकावर बसवलंत. दुपारनंतर एकजण बाहेर येऊन म्हणाला की हा कंपनीचा आणि गिऱ्हाईकाचा मामला आहे. गिऱ्हाईक शेठ. मग धर्माजी कोण? नाक्यावर अजून भज्यांचा विनोद चालतो, तो शेठवर चालत नाही.

हातभर लोखंड तुम्ही खालापूरच्या शेडमधून शोधून परत नेलंत. शेठच्या ओटीवर टाकून गेलेला शब्द मात्र तिथेच पडलाय. दाजी तो मागायला येणार नाही. तो सकाळी बागेला पाणी घालतो आणि हौद भरला की हाक मारतो, आणि मालन येऊन बघते. त्यांचं भागलं. माझं भागलेलं नाही.

या, त्याच ओटीवर उभे राहा आणि शेठसमोर, विठूसमोर, नाक्यावरच्या सगळ्यांसमोर सांगा. त्या दिवशी इंजिनात ऑईल होतं की नव्हतं?