छत्तीसपैकी छत्तीस

शाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पालक खिडक्यांच्या कठड्यांवरसुद्धा बसले होते. मंचावर लॅपटॉप घेऊन पाहुणे तज्ज्ञ उभे होते. पुढे आम्ही त्यांना आकडेबुवा म्हणू लागलो.

"कोणत्याही मुलाचं नाव घ्या!"

कोणीतरी घेतलं. त्या मुलाने लिहून दिलेली चाळीस उत्तरं लॅपटॉपमध्ये होतीच: झोपतो किती वाजता, भावंडं किती, बुटाचं माप काय. पडद्यावर आकडा उमटला, त्रेसष्ट. वडिलांनी गेल्या वर्षीची गुणपत्रिका उघडली. गणितात त्रेसष्ट!

छत्तीस मुलं, छत्तीस वेळा टाळ्या.

"सूत्र खोटं बोलत नाही," आकडेबुवा म्हणाले. "यंदाची उत्तरं घाला, पुढचे गुण आजच घ्या. ज्याला गणित झेपणार नाही, त्याने दगडावर डोकं का आपटायचं?"

मी त्या शाळेत कारकून. गणित सोडायला लावायच्या अकरा मुलांची यादी मीच टाइप केली. सातवं नाव माझ्या मुलीचं होतं. ते टाइप केलं आणि पुढच्या ओळीवर गेले. काहीच वाटलं नाही.

घरी ती म्हणाली, "आई, मला त्र्याहत्तर होते ना?"

"होते."

"मग?"

"सूत्र म्हणतं, पुढे अठ्ठावीस."

तिने वही मिटली. मी कपड्यांच्या घड्या घालत राहिले.

गणिताच्या बाई मात्र मुख्याध्यापकांकडे गेल्या. त्यांचं सूत्र एका ओळीचं होतं: मागच्या दोन परीक्षांची सरासरी.

आकडेबुवा हसले. "बाई, तुमचं पाच-सात गुणांनी चुकतं. माझं एकानेही नाही. शहाण्याने कोणतं निवडावं?"

"तेच बघू या," बाई म्हणाल्या.

शनिवारी पुन्हा सभागृह भरलं. बाईंनी दुसऱ्या वर्गातल्या छत्तीस मुलांची उत्तरं आणि गुण दिले. आकडेबुवांनी सूत्र बसवलं. छत्तीसच्या छत्तीस जुळले. टाळ्या थांबल्यावर बाईंनी टेबलावर पत्र्याचा डबा ठेवला.

"हे गुण कोणत्याच परीक्षेतले नाहीत. मुलांनी या डब्यातून चिठ्ठ्या काढल्या होत्या."

पुढच्या रांगेतले दोघे उठून डब्यात डोकावले.

"मुलं छत्तीस, प्रश्न चाळीस," बाई म्हणाल्या. "प्रत्येक प्रश्नाला किती वजन द्यायचं, हे यांच्या हातात. इतकी वजनं फिरवायला मिळाली, तर कसलेही आकडे जुळतात. पहिल्या दिवशीही गेल्या वर्षीचे गुण यांच्याकडे आधीच होते. हे भाकीत नाही, उत्तर बघून केलेली आकडेमोड आहे. आता खरे गुण घ्या, पण याच वर्गातल्या आणखी चार मुलांचे मी झाकून ठेवते."

सूत्र पुन्हा बसवलं. चौऱ्याऐंशी मिळवलेल्या मुलीला त्याने एकोणीस दिले. एका मुलाला उणे बारा.

"उणे बारा?" मागून एक आजोबा ओरडले. "म्हणजे पोराने परीक्षकालाच गुण द्यायचे की काय?"

बाईंची सरासरी चौघांपैकी कोणाच्याही बाबतीत सहापेक्षा जास्त गुणांनी चुकली नाही. आकडेबुवा "माहिती अपुरी होती" असं पुटपुटत वायर गुंडाळू लागले.

यादी रद्द झाली. ते पत्रही मीच टाइप केलं. माझी मुलगी सोमवारी गणिताच्या तासाला गेली, शेवटच्या बाकावर बसली. बाई सांगतात, अजून हात वर करत नाही.

झालेलं बिनचूक सांगणारा कोणी भेटला, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याला विचारा: जे तुम्ही पाहिलेलंच नव्हतं, ते किती वेळा बरोबर सांगितलंत? एवढंच विचारायचं असतं. त्यासाठी गणित यावं लागत नाही. सगळे कागद माझ्या टेबलावर होते, आणि मी विचारलं नाही.